इंटरनेट बंद असतानाही चालणारी व्हिडिओ डोअरबेल

व्हिडिओ डोअरबेलच्या खोक्यावर साधारण एकच चित्र असते. दारात कुरिअरवाला उभा आणि त्याचा चेहरा मालकाच्या मोबाइलवर. मधल्या मध्ये काय घडते, ते खोक्यावर छापत नाहीत. क्लाउडवर चालणाऱ्या बेलचे बटण कोणी दाबले की ती खबर आधी तुमच्या राउटरमधून घराबाहेर पडते, कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत फिरून तुमच्या फोनवर येते. दारापासून सोफ्यापर्यंतचे दहा-बारा फूट अंतर, पण कधी कधी समुद्र ओलांडून.

एरवी हे कळतही नाही. सगळे दोन-तीन सेकंदांत होते. पण २० ऑक्टोबर २०२५ ला अॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका सर्व्हर-केंद्रात बिघाड झाला, तेव्हा जगभरातल्या अनेक सेवांबरोबर ‘रिंग’ या डोअरबेलची सेवाही कोलमडली. ज्यांच्या घरी वीज होती, वायफाय होते, बेल धडधाकट होती, त्यांनाही दारात कोण आहे ते दिसेना. दुसरा मुद्दा नजरेचा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचे हित पाहणारी सरकारी संस्था) याच ‘रिंग’ कंपनीवर ठपका ठेवला की, कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ पाहता येत होते. प्रकरण ५८ लाख डॉलर भरून मिटले.

यावर उपाय म्हणजे लोकल डोअरबेल. जी घरातल्या घरात चालते, जिचे रेकॉर्डिंग घरातच राहते आणि जिला कंपनीच्या सर्व्हरची गरज लागत नाही ती. पण जाहिरातीतल्या ‘लोकल’ शब्दावर विसंबू नका. ‘युफी’ कंपनी आपले रेकॉर्डिंग घरातच राहते असे सांगून कॅमेरे विकत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिले की, फोनवर सूचना पाठवण्यासाठी माणसांच्या चेहऱ्यांची छोटी चित्रे क्लाउडवर चढवली जात होती. रेकॉर्डिंग घरातच होते, पण चेहरे बाहेर गेले होते.

म्हणून ‘लोकल आहे का?’ असा एकच प्रश्न विचारून भागत नाही. बटण दाबल्याची खबर कुठून कुठे जाते? चित्र कुठून कुठे जाते? रेकॉर्डिंग कुठे साठते? आणि पहिल्यांदा चालू करताना कंपनीकडे खाते उघडावेच लागते का? चारही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात. कागदावरची माहिती वाचून डोके शिणवण्यापेक्षा एक सोपी परीक्षा आहे. राउटर चालू ठेवायचा, फक्त त्यात येणारी इंटरनेटची तार काढायची आणि खाली जाऊन बेल दाबायची. घरात आवाज आला, फोनवर किंवा टॅबवर चित्र दिसले आणि नंतर ते रेकॉर्डिंग सापडले, तर बेल खरोखर लोकल. विकत घेतल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत ही परीक्षा घ्यावी.

फोन नकोच असेल तर

पुढचे वाचण्याआधी स्वतःला एक विचारा. दारातला माणूस मोबाइलवर दिसायलाच हवा का? घरात नेहमी कोणी तरी असते आणि दार उघडण्याआधी चेहरा दिसला म्हणजे पुरे, अशी गरज असेल तर इलेक्ट्रिकल दुकानात मिळणारा साधा चार तारांचा व्हिडिओ डोअर फोन घ्या. बाहेर कॅमेरा, आत सात इंची पडदा, मध्ये तार. ना अॅप, ना पासवर्ड, ना अपडेट. तो शंभर टक्के लोकल असतो आणि वर्षानुवर्षे चालतो. दाराचा कॅमेरा जन्मला तोही असाच. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने १९६६ मध्ये पतीसह पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९ मध्ये मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, बेडरूममध्ये टीव्ही आणि तिथूनच दार उघडायचे बटण. क्लाउड तेव्हा फक्त आभाळात होते.

तुम्हाला मात्र फोनवर चित्र हवे आहे, मागचे रेकॉर्डिंग शोधायचे आहे, बेल वाजली की पॅसेजमधला दिवा लागावा असे वाटते, किंवा मुले परगावी आणि आई-वडील घरी अशी परिस्थिती आहे. मग पुढे चला.

काय बघून घ्यायची

दोन नावे लक्षात ठेवा: आरटीएसपी आणि ऑनव्हिफ. आरटीएसपी ही कॅमेऱ्याकडून थेट चित्र मागून घेण्याची ठरलेली पद्धत. १९९८ पासून ती खुले मानक आहे, त्यामुळे कोणत्याही कंपनीचा कॅमेरा कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो. ऑनव्हिफ हे अॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेले मानक. कॅमेरा शोधणे, त्याला आज्ञा देणे, ‘हालचाल झाली’ अशी खबर घेणे ही कामे त्यातून होतात. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ही दोन नावे नसतील, तर ती बेल कंपनीच्या अॅपलाच बांधलेली आहे असे समजा.

एक सापळा बॅटरीचा. तार ओढायची कटकट नको म्हणून लोक बॅटरीवाली बेल घेतात. पण बॅटरी वाचवण्यासाठी ती बहुतेक वेळ झोपलेली असते, म्हणून अखंड चित्र देऊ शकत नाही. अशा बेलमध्ये आरटीएसपी सहसा नसते, असले तरी मध्ये कंपनीचा वेगळा हब, म्हणजे घरात ठेवायची जोडणीची पेटी, लागतो. रीओलिंकचेच उदाहरण घ्या. त्यांची तारेवर चालणारी डोअरबेल आरटीएसपी आणि ऑनव्हिफ दोन्ही देते, आत मेमरी कार्ड घेते आणि खात्याशिवाय चालू होते. त्यांचीच बॅटरीवाली आवृत्ती थेट आरटीएसपी देत नाही. नाव तेच, दिसायला जवळपास तशीच, पण जात वेगळी. जर्मनीची डोअरबर्ड ही महागडी पण खुली दुसरी निवड. ऑर्डर देण्याआधी मॉडेलचा पूर्ण क्रमांक तपासा.

माझे मत स्पष्ट आहे. लोकल हवी असेल तर तारेवरचीच घ्या, आणि जमत असेल तर नेटवर्क केबलवरून वीज घेणारी, म्हणजे पीओई असलेली घ्या.

तारेचे प्रकरण

इथे जरा थांबतो, कारण इंटरनेटवरचे बहुतेक मार्गदर्शन अमेरिकन घरांसाठी लिहिलेले आहे आणि ते आपल्याकडे जसेच्या तसे केले तर जिवावर बेतेल. अमेरिकेत बेलसाठी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असतो. बटणापर्यंत येणाऱ्या तारांत १६ ते २४ व्होल्ट असतात. म्हणून त्यांचे व्हिडिओ सांगतात, जुने बटण काढा, त्याच दोन तारा नव्या बेलला जोडा, झाले. आपल्याकडे बहुतेक घरांत बेल थेट २३० व्होल्टवर चालते आणि दाराबाहेरच्या बटणात थेट फेज येते. त्या दोन तारा नव्या बेलला जोडल्या तर बेल जळेल. हातात स्क्रू-ड्रायव्हर असेल तर झटका तुम्हाला बसेल.

शिवाय त्या बटणाच्या मागे न्यूट्रल सहसा नसतोच. फेज एका तारेने येते आणि बटण दाबले की दुसऱ्या तारेने बेलकडे जाते. एवढेच असते तिथे. त्यामुळे ‘मागच्या डबीत छोटा अॅडॉप्टर बसवू’ हा हिशेबही जुळत नाही.

मार्ग दोन. पहिला असा की, बेलच्या तारांचा मेन वीजपुरवठ्याशी असलेला संबंध पूर्ण तोडायचा. एमसीबी बंद करून वायरमन आधी त्या दोन तारांची आतली टोके शोधतो. एक बहुधा स्विचबोर्डातल्या फेजला, दुसरी डिंगडाँगला गेलेली असते. दोन्ही सोडवायच्या, जुनी बेल काढून टाकायची आणि घराच्या आत, बोर्डाजवळ, कंपनीने सांगितलेल्या व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर किंवा अॅडॉप्टर बसवून त्याचा कमी व्होल्टचा पुरवठा त्या दोन तारांवर सोडायचा. एसी की डीसी, किती व्होल्ट आणि किती अँपिअर, हे माहितीपत्रकात पाहूनच. अॅडॉप्टर अपुरा पडला तर बेल दिवसा नीट चालते आणि रात्री अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागले की आपोआप बंद-चालू होत राहते. मग लोक वायफायला शिव्या घालतात.

दुसरा मार्ग पीओई. बटणाच्या पाइपमधल्या जुन्या तारा काढून त्यातूनच कॅट-सिक्स ही नेटवर्क केबल ओढायची. एकाच केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येते. ठरलेल्या मानकाप्रमाणे १०० मीटरपर्यंत ही केबल चालते आणि मूळच्या पीओईत पाठवणाऱ्या टोकाला १५.४ वॉट मिळतात, डोअरबेलला ते भरपूर झाले. दुसऱ्या टोकाला राउटरजवळ केबलमध्ये वीज सोडणारा पीओई इंजेक्टर किंवा छोटा पीओई स्विच लागतो. एक अडचण येते. त्याच पाइपमधून पॅसेजच्या दिव्याची वायर गेलेली असेल तर नेटवर्क केबल तिच्याबरोबर घालू नये. मग भिंतीवरून पट्टी मारावी लागते. दिसायला बरी नाही, पण सुरक्षित.

वायफायच्या बाजूने बोलायचे तर ते चालते, अटी आहेत. आपल्याकडची आरसीसीची भिंत आणि त्यापुढे लोखंडी सेफ्टी डोअर हे दोन्ही लहरींचे शत्रू. बेल लावण्याआधी फोन घेऊन दाराबाहेर, नेमक्या बटणाच्या जागी उभे राहा, दार आणि सेफ्टी डोअर दोन्ही बंद करा आणि मोबाइल डेटा बंद ठेवून व्हिडिओ कॉल करून पाहा. फोन अडखळला तर बेलही अडखळेल.

विजेचेही पाहून ठेवा. लोडशेडिंग किंवा ट्रिपिंग झाले की बेल, राउटर, पीओई स्विच आणि रेकॉर्डिंग करणारा छोटा संगणक, या साखळीतली एखादी कडी जरी इन्व्हर्टरवर नसेल तर बाकीच्या असून उपयोग नाही. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस निदान राउटर चालू ठेवतो.

घरातला मेंदू

बेल बसली, वीज आली. आता तिला घराच्या नेटवर्कमध्ये कायमचा पत्ता द्यायचा. राउटरच्या सेटिंगमध्ये तिच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवा. नाही तर राउटर बंद होऊन चालू झाला की तिला नवा पत्ता मिळू शकतो आणि मग सगळी जोडणी तुटते. मग लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर उघडा, ‘नेटवर्क स्ट्रीम’ निवडा आणि माहितीपत्रकात दिलेला आरटीएसपीचा पत्ता टाका. काही मॉडेलमध्ये आरटीएसपी मुळात बंद ठेवलेले असते, ते आधी चालू करावे लागते. व्हीएलसीत चित्र दिसले की निम्मी लढाई जिंकली. इथे दिसले नाही तर पुढे कशातच दिसणार नाही, तेव्हा ही पायरी गाळू नका.

यानंतर येतो होम असिस्टंट. २०१३ मध्ये पॉलस स्खाउटसन यांनी सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालते. रास्पबेरी पाय, जुना लॅपटॉप किंवा मिनी पीसी, काहीही चालेल. त्यात बेल जोडली की बटण दाबणे ही एक ‘घटना’ म्हणून तिथे दिसते, आणि त्या घटनेवर काय करायचे ते तुम्ही ठरवता. स्वयंपाकघरातला स्पीकर ‘दारात कोणी तरी आलंय’ म्हणू शकतो, कारण मिक्सर चालू असताना डिंगडाँग ऐकू येत नाही. भिंतीवर लावलेल्या जुन्या टॅबवर कॅमेरा उघडू शकतो. रात्री अकरानंतर बाळाच्या खोलीतला स्पीकर गप्प राहू शकतो. हे सगळे घरातल्या घरात होते.

एक नियम मात्र पाळा. घरात वाजणारा घंटानाद होम असिस्टंटवर अवलंबून ठेवू नका. बहुतेक कंपन्या बेलशी थेट जोडला जाणारा प्लगमधला चाइम देतात, तो घ्याच. संगणक अपडेट होत असेल, मेमरी कार्ड मेले असेल, तरी पाहुण्याने बटण दाबले की घरात वाजलेच पाहिजे. कॅमेरा त्यानंतरची गोष्ट.

चित्र उशिरा येते ही सगळ्यात नेहमीची तक्रार. पाहुणा कंटाळून लिफ्टकडे वळतो आणि आपल्याला तो आत्ता बटण दाबताना दिसतो. कारण बहुधा असे की, ब्राउझरला आरटीएसपी कळत नाही. म्हणून मध्ये कोणी तरी ते चित्र तुकड्या-तुकड्यांत बांधून पुढे पाठवते आणि त्यात काही सेकंद जातात. वेबआरटीसी या पद्धतीने पाठवले तर उशीर सेकंदाच्या आत येतो. गो-टू-आरटीसी नावाचे सॉफ्टवेअर हे काम करते आणि २०२४ च्या अखेरीपासून ते होम असिस्टंटमध्येच मिळते. बेलच्या सेटिंगमध्ये चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीसाठी एच-२६५ आणि एच-२६४ असा पर्याय असेल तर एच-२६४ ठेवा. जागा जास्त खाते, पण सगळीकडे उघडते. दोन्ही बाजूंनी बोलायचे असेल तर आणखी एक अट आहे. ब्राउझर मायक्रोफोन वापरू देतो तो फक्त सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस जोडणीवर. ‘आवाज येतो पण जात नाही’ अशी अडचण आली तर आधी तिथे पाहा.

रेकॉर्डिंगसाठी बेलमधले मेमरी कार्ड सोपे, पण चोराने बेल उचकटून नेली तर पुरावाही त्याच्याच खिशात. म्हणून एक प्रत घरात हवी. फ्रिगेट हे मुक्त सॉफ्टवेअर चित्रातला माणूस, गाडी, मांजर वेगळे ओळखते आणि तेवढेच जपून ठेवते. त्याला थोडा ताकदीचा संगणक लागतो. जागेचा हिशेब सोपा आहे. चित्र सेकंदाला ४ मेगाबिट वेगाने येत असेल तर तासाला १.८ जीबी, दिवसाला सुमारे ४३ जीबी. अखंड रेकॉर्डिंग केले तर १ टीबीची डिस्क तीन आठवड्यांच्या आसपास भरते. फक्त माणूस दिसला तेव्हाचे ठेवले तर तीच डिस्क कितीतरी जास्त काळ पुरते. अखंड रेकॉर्डिंगची हौस मला तरी पटत नाही. रिकामा जिना कोण बघणार?

बेलचे इंटरनेट तोडणे

हे सगळे चालू झाले की राउटरमध्ये जाऊन बेलला इंटरनेट बंद करा. घरातल्या नेटवर्कमध्ये ती राहील, बाहेर जाणार नाही. शक्य असेल तर कॅमेऱ्यांसाठी वेगळे नेटवर्कच काढा. पासवर्ड मूळचा ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने मूळचे पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग साठवणारी यंत्रे) ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळांचे पत्ते सांगण्याचे काम करणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन कंपनीवर मारा करून कित्येक मोठी संकेतस्थळे पाडली. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्या घरमालकांना पत्ताही नव्हता.

इंटरनेट तोडल्यावर एक गंमत होते. बेलचे घड्याळ हळूहळू चुकायला लागते, कारण ती वेळ बाहेरच्या सर्व्हरकडून घेत असते. महिन्याभराने रेकॉर्डिंगवर भलतीच वेळ दिसते. पोलिसांना द्यायची वेळ आली तर पंचाईत. काही राउटरमध्ये वेळ सांगणारा एनटीपी सर्व्हर असतो, तो चालू करून बेलला त्याचा पत्ता द्या. सुरक्षेचे अपडेट आले की काही मिनिटांपुरते इंटरनेट उघडायचे किंवा फाइल उतरवून हाताने चढवायची.

मग बाहेर असताना चित्र कसे पाहायचे? अनेक जण राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडतात. ते करू नका. जगभरचे स्वयंचलित प्रोग्रॅम उघडी पोर्ट शोधतच फिरत असतात. तसेही आपल्याकडच्या पुष्कळ इंटरनेट जोडण्यांत ते चालत नाही, कारण इंटरनेट देणारी कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. बाहेरून आलेल्या हाकेला नेमके कोणत्या घरात पाठवायचे हेच ठरत नाही. वायरगार्ड किंवा टेलस्केल यांसारखा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी वाट, घ्या. टेलस्केल अशा सामायिक पत्त्यांच्या मागूनही वाट काढते. फोनवर ते चालू केले की फोन जणू घरच्याच वायफायवर आहे असे होते. मुलगी डब्लिनला आणि आई-बाबा नाशिकला, तरी ती दारातल्या गॅसवाल्याला ‘काका, दोन मिनिटं थांबा, बाबा येतायत’ असे सांगू शकते, आणि ते बोलणे कोणत्याही कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरवर साठत नाही. खरे सांगायचे तर फोनवर येणारी सूचना मात्र सहसा गूगल किंवा अॅपलच्या सर्व्हरमधूनच येते. तिच्यात ‘बेल वाजली’ एवढाच मजकूर ठेवा. चित्र फोन थेट घरून घेतो.

समोरचे दार

फ्लॅटमध्ये बेलच्या डोळ्यासमोर असते शेजाऱ्याचे दार. ते उघडले की त्यांचा हॉल दिसतो. लोकल असो की क्लाउड, हा प्रश्न सुटत नाही. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यातून व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे, पण तीच क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली तर तिला घरगुती म्हणणे अवघड. बेलच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ असतो. समोरच्या दाराचा चौकोन त्यात काळा करून टाका आणि शेजाऱ्यांना बोलावून तो दाखवा. बेल किंचित तिरपी बसवणारी पाचर काही खोक्यांत मिळते, तीही वापरा.

आवाजाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने शेजारणीच्या तक्रारीवर निकाल देताना डोअरबेल आणि कॅमेऱ्यांनी लांबवरचे बोलणे टिपणे हे चित्रापेक्षाही अधिक आक्षेपार्ह ठरवले होते. पॅसेजमध्ये लिफ्टची वाट बघत उभ्या असलेल्या दोघांचे बोलणे तुमच्या डिस्कवर साठण्याचे काहीच कारण नाही. काही बेलमध्ये रेकॉर्डिंगमधला आवाज बंद ठेवून थेट बोलणे तेवढे चालू ठेवता येते. मास्क लावता लावताच ते बटणही दाबून टाका.